साडेचार इंच कान

१९७४च्या डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळचे नऊ. दापोडीतल्या आमच्या चाळीसमोर हजर माणसं सहा, कुत्रं एक. दगडूभाऊ उकिडवे बसून कंपनीतल्या पोलादी पट्टीने त्याचा कान मोजत होते.

"साडेचार इंच, लोंबता. म्हंजी मन हळवं. शेपटी डावीकडं वळलेली, धनी सोडनार न्हाई. पास!" पाठीवर त्यांनी खडूने बरोबरची खूण केली.

दगडूभाऊ माझे शेजारी, मूळचे चऱ्होलीचे. एकटेच राहत. आठ तास कारखान्यात सुटे भाग तपासायचे, उरलेल्या वेळात गल्लीतली कुत्री. आखूड मान म्हणजे रुसवं, पांढरे पंजे म्हणजे चोरटं. माझ्या मोजणीप्रमाणे त्यांची भाकितं सतरा, खरी ठरलेली नऊ.

"नाणं उडवलं तरी एवढी येतात," मी म्हणालो.

"मग नाणं पाळा, राव!"

माझी मुलगी सुमन हटून बसली, म्हणून मी कुत्रं पाळलं. बुधवारी ते तिलाच चावलं.

डॉक्टर म्हणाले, कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर ठीक. मेलं किंवा हरवलं तर पोरीच्या पोटात चौदा इंजेक्शनं. घरी परतलो, तर गल्ली काठ्या घेऊन उभी आणि दगडूभाऊ कुत्र्यापुढे आडवे. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. काठ्या खाली आल्या. पण ठेवणार कोण? माझ्या बायकोने दार लावून घेतलं.

"पास मी केलाय. खराब माल माज्या घरी," दगडूभाऊ म्हणाले.

त्यांनी दहा दिवस रजा टाकली. दारावर रोज खडूची एक रेघ. दुसऱ्याच दिवशी त्यांना कुत्र्याच्या कानामागे गळू सापडलं. सुमनने तोच कान ओढला होता. हळद लावताना ते कुत्र्याला सांगत, "माप घेतलं रं, पन दुकतंय का ते इचारलं न्हाई."

दहा दिवस भरले. इंजेक्शनं टळली. बायकोने वाटीभर खीर पाठवली. दगडूभाऊंनी दोर सोडला, पण कुत्रं तिथंच बसून राहिलं.

जानेवारीत पाहिलं, तर दारावर रेघा चौतीस.

"दहाच लागत होत्या ना?"

"दहा पोरीच्या. बाकीच्या माज्या."

पुढच्याच आठवड्यात ते पहिल्या पाळीवरून आले, तर कुत्रं नव्हतं. रहाटणीपर्यंत पायी शोधून आले. रेघा एक्केचाळीसवर थांबल्या.

"शेपटी डावीकडंच होती ना, भाऊ?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"व्हय. माप बरोबर व्हतं."

ती पट्टी पुन्हा गल्लीत दिसली नाही. दाराशी पाण्याचं वाडगं मात्र रोज भरलेलं असे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा.