परिषदेवर म्हातारा पाहिजे

सरकारच्या ज्येष्ठ नागरिक सल्लागार परिषदेवर गोंदिया जिल्ह्यातून एकच माणूस घ्यायचा होता, आणि तो माणूस मीच, उमराव कापगते! यात मला काडीचीही शंका नव्हती. वयाची साठ पूर्ण पाहिजेत, एवढीच काय ती अट. म्हाताऱ्यांसाठी सरकारनं काय करावं, यावर मी रोज पानठेल्यावर तासभर फुकट भाषण देतो. माझ्याइतकं कोणाला कळतं?

पण शेवटच्या यादीत दोन नावं निघाली. माझं आणि भैय्यालालचं!

भैय्यालाल पटले म्हणजे माझा शेजारी. पहिलीपासून आम्ही एका वर्गात. दोघांची जन्मतारीखही एकच, एक जुलै, कागदोपत्री दोघंही एकसष्टचे. आमच्या गावात अर्धी माणसं एक जुलैलाच जन्मली आहेत, गुरुजींची कृपा! आणि पहिलीपासून हा माझ्या पुढं. तलावाचं पाणी आधी त्याच्या धानाच्या बांधीत, लोंब्या आधी त्याच्याच निसवणार, आणि केस असे पांढरेशुभ्र की लग्नात कोणीही उठून त्यालाच खुर्ची देतं. माझे मेले अजून अर्धे काळे! जळफळाट होणार नाही तर काय?

"भैय्यालालभाऊच जातेत मुंबईले," तांदूळ निवडता निवडता आमच्या बायकोनं, कुंदाबाईनं, निकाल देऊन टाकला.

"काऊन? मी काऊन नाई?"

"ते आयकून घेतेत. तुमी बोलता."

घरातच हे, मग बाहेर काय! रागारागानं अंगणात आलो, तर समोर भैय्यालाल धानाचं पोतं पाठीवर घेऊन शिडी चढत होता. धाप नाही, घाम नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकसष्टचा माणूस असा चढतो? शक्यच नाही! हा गडी साठीच्या आत आहे!

लगेच दोन पानी तक्रार ठोकली. 'आमच्या शाळेत गुरुजींनी शाईने लिहिलेल्या जन्मतारखांवर अजिबात विश्वास ठेवू नये. खरे वय शोधून अपात्राचे नाव कमी करावे.' खाली झोकदार सही केली. निनावी तक्रार करायला मी काय भित्रा आहे?

आठ दिवसांत चौकशीला तहसील कार्यालयातल्या चेतना मॅडम आल्या. ग्रामपंचायतीत शाळेचं जुनं दाखल रजिस्टर उघडलं, आणि गाव असं लोटलं की उभं राहायला जागा नाही. मॅडमनी बोट फिरवलं. शाईनं सगळ्यांचं वय सहा लिहिलेलं. पण बाजूला गुरुजींनी स्वतःपुरतं पेन्सिलनं काहीतरी टिपून ठेवलं होतं.

"भैय्यालाल. म्हशी राखत होता, उशिरा आणला. वय दहा," मॅडमनी वाचलं. "म्हणजे हे आज पासष्टचे."

मॅडमचं बोट पुढच्या नावावर सरकलं.

"उमराव. बहिणीसोबत येऊन बसतो, पट भरायला नाव घातलं. वय चार. अहो, तुम्ही तर एकोणसाठचेच!"

"मॅडम, ते पेन्सिलचं हाये! कोणीबी लिहिते!"

"शाईवर विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?"

मी घाईघाईनं माझ्या मोठ्या बहिणीला, रुख्माबाईला, पुढं ओढलं. "बाई, सांग वं, मी तवा मोठा होतो का नाई?"

"कायचा मोठा! कडेवर नेत होती मी याले शाळेत. दुपारी भोकाड पसरे, मंग गुरुजी याले टेबलावर निजवत!"

गाव खदाखदा हसलं. भैय्यालाल तेवढा हसला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. माझं नाव तिथल्या तिथं कटलं.

पंधरा दिवसांनी तो नेमणुकीचं पत्र घेऊन दारात उभा. "उमराव, चाल गा मुंबईले."

"मी कायले?"

"सदस्याले एक मदतनीस नेता येते. साठच्या आतला पाहिजे म्हणतेत. माजे पोट्टे तं नोकरीवर. आता तूच हायेस!"

"न्या, न्या!" कुंदाबाई आतून ओरडली. "पिशवी भरूनच ठेवली हाये!"

गेलो. काय करता! बैठकीत भैय्यालाल गुबगुबीत खुर्चीत, आणि मी मागं दोघांच्या पिशव्या धरून उभा. बसच्या पायऱ्यांचा विषय निघाला. मला राहवलं नाही, मी तिथूनच तोंड घातलं. तर नव्वदीचे एक आजोबा वळून म्हणाले, "बाळा, गप्प राहा. तुम्हा तरुण पोरांना आमचे हाल काय कळणार?"

सगळी सभा हसली. यावेळी भैय्यालालसुद्धा! मी मान खाली घातली. पण तुम्हाला म्हणून सांगतो, कुठं बोलू नका. गाडीत परतताना सारखी एकच गोष्ट मनात येत होती आणि गुदगुल्या होत होत्या. भैय्यालालला काही कोणी बाळा म्हटलं नाही!