तुरटीकाकूंचे जंतू

"या वेळी मी ताईकडे जाणार म्हणजे जाणार," तुरटीकाकूंनी सकाळीच जाहीर केलं.

काकांचा जन्म जलशुद्धीकरण केंद्रात गेला, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना तुरटीकाका केलं. लग्नाची बायको म्हणून काकूंनाही ते नाव आपोआप मिळालं.

काकूंचं आतडं चिडकं होतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. प्रवासाचं नुसतं नाव काढलं की काकूंच्या आधी पोट निघायचं. ताईच्या घरची सगळी कार्यं त्यात बुडाली. कधी गुडघा पुढे केला, कधी पाहुणे. खरं कारण कुठल्या तोंडाने सांगायचं? ताईला वाटलं असेल, धाकटी रुसली; तीही कधी इकडे फिरकली नाही. आणि आता ताई मुलाकडे परदेशी चालली होती, कायमची.

डॉक्टरांनी पुड्या दिल्या. "यात चांगले जंतू आहेत. जिवंत. पोटात जाऊन कामाला लागतील."

काका घरी आले. चपला काढताना म्हणाले, "मी आयुष्यभर मारले, आणि तू विकत आणलेस."

"तुमच्या ओळखीतले नाहीत हे."

तरी पुडी कालवायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी न विसरता पेला हातात. हळूहळू काकूंचं पोट शाळेतल्या शहाण्या मुलीसारखं हाताची घडी घालून बसायला लागलं. मग काकूंनी बसची तिकिटं काढायला लावली.

बस शहराबाहेर पडली तशा काकू सैलावून बसल्या. "गुणाचे हो ते जंतू. पाहुण्यासारखे आले आणि घरच्यासारखे राबले."

"राबतील कशाला?" काका म्हणाले. "पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय मी पुडी टाकलीच नाही कधी."

"उकळत्या पाण्यात?"

"वर झाकण ठेवायचो. मग निवू द्यायचो. एक वाचला असेल तर नाव बदलीन. तुला काही व्हायला नको."

काकूंच्या आधी त्यांचं पोट बोललं. इतके दिवस आपण कुणाच्या भरवशावर शहाणे होतो, हे त्याला आत्ताच कळलं होतं.

"बस थांबवू का?"

"नको. सगळ्या बसला कारण सांगत बसाल. किती राहिलं?"

"आलंच."

"तुमचं आलंच म्हणजे अर्धं असतं."

बाकीचा रस्ता काकूंनी डोळे मिटून, पुढच्या सीटचा दांडा धरून काढला. शेजारच्या बाईंना वाटलं, जप चाललाय. त्या अदबीने जरा सरकून बसल्या.

ताईचं दार भाऊजींनी उघडलं. "या, या. किती वर्षांनी..." त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत काकू त्यांना वळसा घालून पॅसेजच्या टोकाला पोचल्या होत्या. संडासाचं दार आतून बंद.

काकूंनी ते ठोठावलं.

"कोण आहे?" आतून ताईचा आवाज.

"मी, धाकटी. ताई, लवकर गं. माझं पोट."

आतला नळ बंद झाला.

"तुझंही?" ताई म्हणाली. "अगं, मग आधी नाही का बोलायचंस? मी तुझ्याकडे का येत नव्हते, असं वाटलं तुला?"

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी दाराला कपाळ टेकलं.

"ताई, मला वाटलं, तू रुसलीस."

"रुसेन कशाला? बस तिथे पाटावर, सगळं सांगते. मला अजून वेळ आहे."