साडूंचा हिरवा ओटा

स्वयंपाकघराचं काम पुरं झालं म्हणून साडूंनी प्राध्यापकांना सपत्नीक चहाला बोलावलं आणि चहाच्या आधीच ओट्यापाशी नेऊन उभं केलं.

"हात फिरवून बघा, साडूभाऊ. अस्सल हिरवा संगमरवर. चार दुकानं पालथी घातली तेव्हा मिळाला."

प्राध्यापकांनी हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. गर्द हिरवा दगड, त्यात फिकट शिरांचं जाळं, वर सापाच्या कातीसारखी झाक. बावीस वर्षं ते महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत होते. याच दगडावर त्यांनी तीन निबंध लिहिले होते, पण पाहिला होता तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, नखाएवढ्या चकतीत. आठ फूट लांब असा तो आज पहिल्यांदाच भेटत होता.

"हा संगमरवर नाही," ते म्हणाले.

पत्नीने त्यांच्या कोपराला चिमटा काढला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"नाही म्हणजे?" साडूंचा चेहरा उतरला.

"घरात लिंबू आहे का?"

मेहुणीला वाटलं, भाऊजींना चहात हवं असेल. तिने अर्धं लिंबू हातात दिलं आणि त्यांनी ते नव्याकोऱ्या ओट्यावर पिळलं.

"संगमरवर असता तर बुडबुडे आले असते. हा बघा, ढिम्म." एवढ्यावर न थांबता त्यांनी फ्रिजवरचं चुंबक काढून दोऱ्याला बांधलं आणि ओट्याजवळ धरलं. चुंबक हळूच दगडाकडे वळलं. "आत चुंबकीय लोहखनिजाचे कण आहेत. या दगडाला सर्पेंटिनाइट म्हणतात. शंकाच नको."

"म्हणजे त्या दुकानदाराने मला टोपी घातली."

"टोपी कसली? अहो, तुम्ही पृथ्वीच्या पोटातला दगड घरी आणलाय. आपण राहतो ते नुसतं वरचं कवच. त्याच्याखाली प्रावरण असतं, हा तिथला. समुद्राच्या तळाखाली सात-आठ किलोमीटर खोल बसला होता. दोन खंड एकमेकांकडे सरकत आले, मधला समुद्र मिटत गेला. तळ बहुतेक सगळा खाली गेला, पण त्यातला एक तुकडा गेला नाही. तो वर चढला, थेट जमिनीवर."

"आणि तिथून माझ्या ओट्यावर."

"मधे खाण असणार," प्राध्यापक म्हणाले. "थांबा, पॉलिश न केलेली बाजू बघू."

पत्नी "अहो" म्हणेपर्यंत ते सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरले होते. आधी एक बादली बाहेर आली, मग साबणाचा डबा, मग दोन फडकी. त्यामागून आतून आवाज आला.

"मागची कड कापलेलीच नाही. फुटली तशीच ठेवलीय. आणि तिच्यावर घासल्याच्या रेषा आहेत, साडूभाऊ. हा वर सरकला त्या वेळच्या."

आनंदाच्या भरात त्यांनी मान वर केली. डोकं नळाच्या नव्या जोडणीवर आपटलं, जोडणी निखळली आणि पाण्याचा फवारा सुटला. साडू मुख्य नळ शोधत न्हाणीघराकडे धावले. तो कुठे आहे हे गवंड्याने सांगितलं होतं, तेव्हा साडू फोनवर बोलत होते. दोघी बहिणी फडकी घेऊन जमिनीवर बसल्या. कपाटातून मात्र कोणी बाहेर येईना.

"ओला झाल्यावर रंग कसा खुललाय, बघा तरी," आतून आवाज आला.

पाचव्या मिनिटाला दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. "माझ्या शेगडीवर पाणी टपकतंय."

"काकू, तुमचा ओटा कुठल्या रंगाचा आहे?" कपाटाने विचारलं.

"काळा."

"मग राहू द्या."

त्यानंतर आठ दिवस साडूंचा फोन आला नाही. घरी पत्नीही गरजेपुरतंच बोलत होती. प्राध्यापकांनी क्षमा मागणारं पत्र लिहिलं. अगदी मनापासून लिहिलं. फक्त शेवटी, विद्यार्थ्यांना ती मागची कड दाखवायला आणू का, असं विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. पत्नीने पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. नवव्या दिवशी साडूंचा फोन आला. ते एकच शब्द बोलले, "आणा."

अकरा विद्यार्थी घेऊन प्राध्यापक गेले. साडूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात फूटपट्टी होती. ओट्यावर चमचासुद्धा नव्हता. शेगडी गॅलरीत गेली होती आणि मेहुणी तिथे तोंड पाडून भाजी परतत होती. स्वयंपाकघरात पुढच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या.

"हात लावायचा नाही," साडू म्हणाले. त्यांनी टेबलावर दोन डबे ठेवले, मधे ओला टॉवेल पसरला. "हे खंड, हा समुद्राचा तळ." त्यांनी डबे जवळ ढकलले. टॉवेल दुमडला, बराचसा खाली दबला, पण त्याची एक कड डब्याच्या पाठीवर चढली. "हा इथे माझा ओटा."

"आदल्या खेपेला जास्त छान चढला होता," काकू म्हणाल्या.

"पुन्हा दाखवा ना, काका," एक मुलगी म्हणाली. हीच आकृती प्राध्यापक बावीस वर्षं फळ्यावर काढत आले होते. पुन्हा काढा असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

साडूंनी तीनदा दाखवलं. मग एकाने विचारलं, "पण हा हिरवा का?"

साडूंनी टॉवेल उलटून पाहिला. मग त्यांनी फूटपट्टी प्राध्यापकांकडे वळवली. "त्यासाठी यांना बोलावलंय. सांगा, साडूभाऊ. थोडक्यात."

प्राध्यापकांनी घसा खाकरला. "वर येताना वाटेत खनिजांत पाणी मुरलं. त्यातून हे हिरवं खनिज तयार झालं."

विद्यार्थ्यांनी साडूंकडे पाहिलं.

"बरोबर आहे," साडू म्हणाले. "लिहून घ्या."