फुकटचे कानातले

मी दोन गोष्टींत हुशार आहे, असं कोचकोर गावात मी कुणालाही छातीठोकपणे सांगत असे. एक, जादूच्या कादंबरीची पहिली चाळीस पानं वाचून मी तिचा शेवट सांगतो. आणि दुसरी, फुकट खेळायचा गेम मी खरोखरच फुकट खेळतो! नाहीतर लोक पाहा, पडद्यावरच्या तलवारीला रंग द्यायला खऱ्या नोटा घालवतात. मी नाही. मी रोज सकाळी गेममध्ये हजेरी लावतो, हजेरीची भेट उचलतो आणि गप्प बसतो. पोटापाण्यासाठी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दुरुस्त झालेलं मशीन नीट फिरतंय की नाही हे बघायला शेजारी बसावंच लागतं, तेवढ्यात एखादा ड्रॅगन मारून होतो.

गेममध्ये माझं नाव लोखंडीडोकं. आमच्या टोळीत जखमा भरून काढणारी एक वैदू होती, तिचं नाव आंबटबोर. ही आंबटबोर म्हणजे माझ्या जिवाला घोर होता! मी टोळीच्या गप्पांत एखाद्या कादंबरीवर मत लिहिलं रे लिहिलं, की पाचव्या मिनिटाला तिचा विरोध हजर. मी म्हणावं ड्रॅगन बोलके नसावेत, तिने म्हणावं मुके ड्रॅगन म्हणजे मोठी पाल. मी म्हणावं युद्धाचं वर्णन छान आहे, तिने विचारावं, "प्रत्येक प्रकरणात खानावळीत मेजवानी झोडतात. सातशे पानांत भांडी कोण घासतं?"

पण आमचा खरा वाद होता अनाथांवरून. मी लिहिलं होतं, "नायक पुन्हा अनाथ! लेखकांना आईबाप रंगवायचा कंटाळा, म्हणून पहिल्याच प्रकरणात मारून टाकतात. शुद्ध आळस. एक तारा."

तिचं उत्तर आलं, "अहो शहाणे! आई जिवंत असती तर नायक घराबाहेर पडला असता का? 'जेवून जा, टोपी घाल, आणि लग्नाचं काय ते आधी सांग!' सातशे पानं उंबरठ्यातच संपली असती."

दोन वर्षं हा वाद चालला होता. मी हरायला तयार नव्हतो आणि ती दमायला तयार नव्हती. ही आंबटबोर आहे तरी कोण, याचं मला भयंकर कुतूहल होतं. तासाभरावरच्या बालिक्ची शहरात राहते एवढंच कळलं होतं. पात्राने घागरा घातला होता खरा, पण त्यावरून काय ठरवणार? आमच्या गल्लीतला खाटीकही गेममध्ये राजकन्या आहे! एकदा मी विचारलं, "खऱ्या आयुष्यात धंदा काय?" उत्तर आलं, "लोकांना रडवणं." आता यावरून माणूस काय अंदाज बांधणार?

तर एके दिवशी हजेरीच्या भेटीत मला चांदण्यांचे कानातले मिळाले. जादूपासून बचाव करणारे. माझ्याकडे तसलाच एक जोड आधीच होता आणि पिशवीत जागा नव्हती. फेकायचे कशाला, म्हणून मी आंबटबोरच्या नावापुढचं 'द्या' बटण दाबलं. आणि बघतो तो काय! माझा लोखंडीडोकं चक्क गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या कानात स्वतःच्या हाताने कानातले घातले! वर पाकळ्याबिकळ्या पडल्या. गेमवाल्यांना नसते चोचले! मी हसलो आणि शेजारीणबाईंच्या मशीनचा पट्टा बदलायला घेतला.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी आमच्या फाटकाशी एक जुनी गाडी थांबली. आतून डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या एक ठसठशीत आजीबाई उतरल्या, आणि मागून पन्नाशीचा एक गृहस्थ, हातात मिठाईचा खोका आणि भलंमोठं कलिंगड घेऊन. मी त्यांना ओळखलं नाही. आईनेही ओळखलं नाही. पण म्हणून काय झालं? दारात आलेल्याला 'का आलात' असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. आधी चहा, मग कणकेचे तळलेले बोर्सोक, मग लोणी, मुरंबा, हवापाणी, गुरंढोरं आणि त्यानंतर नाव. आजींचं नाव बुरुल निघालं. गृहस्थ त्यांचे चिरंजीव. ते फक्त "बरोबर" एवढंच बोलत.

तिसऱ्या चहाला बुरुल आजींनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"हाच का तो मुलगा?"

"हाच," आई म्हणाली. कशाबद्दल चाललंय हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण मुलगा एकच असल्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता.

"मशीनवाला?"

"मशीनवाला."

"मग ठीक. विहीणबाई, खरं तर तुम्ही आमच्याकडे यायचं. पण तुमच्या मुलाने आमच्या बेगिमायच्या कानात कानातले घालून आठवडा झाला, आणि तुमच्याकडून कुणी फिरकलं नाही! म्हटलं, मुलगा लाजाळू असेल. मुलीला आमच्या एकतिसावं लागलेलं. मानपान धरून बसायचं हे वय नाही. आपणच जाऊ."

"बरोबर," चिरंजीव म्हणाले.

माझ्या हातातला बोर्सोक चहात पडला. कानातले! आमच्या मुलखात मुलाकडच्यांनी मुलीच्या कानात कानातले घातले की सोयरीक पक्की. त्याच्यापुढे चर्चा नाही!

"पण आजी, तुम्ही... तुम्ही हे पाहिलंत कुठे?"

"कुठे म्हणजे? घरात! ती त्या पडद्यासमोर बसली होती, मी मागे लोकर पिंजत होते. हसत हसत म्हणाली, 'आजी, बघ, मला कानातले मिळाले!' मी म्हटलं, कोण गं हा? तर म्हणाली, कोचकोरचा मशीनवाला, दोन वर्षं डोकं खातोय. दोन वर्षं! हल्ली तर सगळंच फोनवर होतं. पेन्शन फोनवर, विजेचं बिल फोनवर, परवा आमच्या शेजाऱ्यांचा शोकसंदेशही फोनवर आला. म्हटलं, सोयरीकही तशीच करत असतील. आणि गुडघ्यावर बसून घातले हो! आमच्या ह्यांनी कधी बसल्या जागेवरून पाणीसुद्धा दिलं नाही."

मी आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरून आले होते. चौतिशीच्या मुलाच्या आईला असल्या बातमीची शहानिशा करायची नसते.

"मेल्या!" ती म्हणाली आणि तिने मला आधी पाठीत एक रट्टा घातला, मग कपाळाचा मुका घेतला. "दोन वर्षं! आणि मला पत्ता नाही लागू दिलास!"

"आई, अगं, तो खेळ आहे—"

"ताबाल्दी!" आईने खिडकीतून शेजारी राहणाऱ्या माझ्या मामाला हाक मारली. "मेंढी!"

मामाने 'कुणासाठी' असंही विचारलं नाही. चाळीस पानांत शेवट ओळखणारा मी, पण मेंढी अंगणात आडवी झाली तरी आपण कुठल्या गोष्टीत आहोत हे मला उमगलं नव्हतं.

मांस शिजायला वेळ लागतो. मी फोन घेऊन कोळशाच्या कोठीमागे पळालो.

"आंबटबोर, तुझी आजी बुरुल का?"

"हो. का?"

"ती आमच्या घरी आहे."

"अशक्य. ती सांधे शेकायला सरोवरावर गेलीय."

मी खिडकीतून आजी आणि चिरंजीवांचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "तिने माझ्या काकालाही नेलंय! मेंढी कापली का?"

"कापली."

"अरे देवा! मांस खाऊन झालं की दुआ होईल. एकदा दुआ झाली की आजी देवाचंही ऐकणार नाही. दुआ होऊ देऊ नकोस. मी निघाले!"

'मी निघाले.' तिला वाटलं असेल की हे मीच घडवून आणलं. येईल, चार लोकांत माझी शोभा करेल आणि टोळी सोडून जाईल. मग मी कादंबरीवर मत लिहीन, आणि खाली फक्त अंगठे येतील. नुसते अंगठे! खोटं कशाला बोलू, त्या विचाराने मला रडू यायचं बाकी राहिलं. मला सोयरीक मोडायची होती, भांडण मोडायचं नव्हतं.

ठरवलं, ती यायच्या आत आपणच सगळं सांगून टाकायचं. जेवण मांडलं. परातीत मांस-शेवयांचा बेशबर्माक आला, वाफा निघत होत्या. मानाचा वाटा म्हणून मेंढीचं डोकं बुरुल आजींपुढे ठेवलं. सगळ्यांचे हात परातीत गेले, तसा मी घसा खाकरला.

"मंडळी, मला एक सांगायचंय. ते कानातले—"

"घे भाच्या!" मामाने मूठभर मांस आणि शेवया माझ्या तोंडात कोंबल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्याने हाताने घास भरवला की तोंड फिरवायचं नसतं. तो मान असतो. आणि ताबाल्दी मामाचा हात म्हणजे कोळशाचं फावडं! मी चावत राहिलो. चावून संपेपर्यंत लग्न शरद ऋतूत करायचं ठरलं होतं.

"खरं म्हणजे," मी पुन्हा सुरुवात केली, "ते कानातले खरे—"

"बोलतोय किती गोड!" बुरुल आजींनी स्वतःच्या हाताने दुसरा घास भरवला. त्यात चरबी जास्त होती, म्हणजे मान जास्त होता. मी डोळ्यांतून पाणी काढत गिळत होतो. "बघा, भरून आलं पोराला," आजी म्हणाल्या. चिरंजीव म्हणाले, "बरोबर."

परात रिकामी झाली. मामाने हात पुसले आणि दोन्ही तळवे वर करून समोर पसरले. सगळ्यांचे हात वर झाले. झालं! दुआ सुरू!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात एक बाई उभी होती. जाकिटाखाली दवाखान्याचा पांढरा कोट, एका खिशातून रबरी हातमोजा लोंबत होता. गाल लाल झालेले, नाक जरा बाकदार. मी दोन वर्षं जिचा चेहरा कल्पत होतो ती ही नव्हती. ही जास्त चांगली होती, आणि पुष्कळ जास्त रागावलेली.

"आजी! थांबा सगळे! तो गेम आहे!"

"बेगिमाय? तू दवाखाना सोडून आलीस?"

"अर्धी दाढ उपटून आलेय! आजी, ही सोयरीक नाही. पडद्यावरचा खेळ आहे. ते कानातले खरे नाहीत!"

"त्याने गुडघ्यावर बसून घातले नाहीत?"

"घातले, पण ते सगळ्यांना मिळतात! हजेरीला! फुकट! ह्याच्याकडे जास्तीचे होते म्हणून मला दिले!"

सगळ्यांचे वर केलेले हात तसेच थांबले. बेगिमायला वाटलं, पटलं सगळ्यांना. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

बुरुल आजींनी हात खाली घेतले. "जास्तीचे?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या नातीला... फुकटचे कानातले?"

"हे बरोबर नाही," चिरंजीव म्हणाले.

आई उभी राहिली. मी तिला इतकी लालबुंद झालेली एकदाच पाहिली होती, शेजाऱ्यांनी आमच्या चहाला पांचट म्हटलं होतं तेव्हा.

"विहीणबाई," ती म्हणाली, "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी कुणाच्या लेकीच्या कानात फुकटचं घातलेलं नाही! हे कार्टं चिकट आहे, आम्ही नाही!" आणि तिने स्वतःच्या कानांतले पोवळ्यांचे चांदीचे कानातले काढले. तिच्या सासूने तिला घातलेले! ते घेऊन ती सरळ बेगिमायकडे गेली.

"अहो मावशी, तसं नाही, मला म्हणायचंय—" बेगिमायने बोलायला तोंड उघडलं.

तोंड उघडायला नको होतं. मामा जवळच बसला होता, आणि परातीच्या कडेला एक घास अजून उरला होता.

ती गाल फुगवून चावत राहिली, आईने कानातले घातले, आजींनी डोळे पुसले आणि मामाने पुन्हा तळवे पसरले. "ओमिन!" सगळ्यांनी चेहऱ्यांवरून हात फिरवले. झाली दुआ!

नंतर भांड्यांचा ढीग उचलून मी अंगणातल्या नळावर आलो. मागोमाग बेगिमाय आली. बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"खालची उजवी दाढ किडलीय तुझी," ती म्हणाली. "सगळं डावीकडून चावत होतास."

"तू माझ्यावर रागावलीस?"

"दाढेबद्दल?"

"कानातल्यांबद्दल! हे बघ, तू ते काढून दे, मी आईची समजूत घालीन. ती महिनाभर बोलणार नाही, चालेल मला. पण टोळी सोडू नकोस. तू भांडली नाहीस तर मला कादंबऱ्या वाचाव्याशाच वाटणार नाहीत."

तिने कानांतल्या पोवळ्यांना बोट लावून पाहिलं. "आधी एक कबूल कर."

"काय?"

"नायक अनाथच हवा."

मी घराकडे पाहिलं. खिडकीच्या काचेला आई, मामा आणि बुरुल आजी अशी तीन नाकं चिकटली होती. मागे चिरंजीव टाचा उंचावून पाहत होते.

"हवा," मी म्हणालो.

"किती तारे?"

"पाच."

"मग राहू देत दोन दिवस. बघू तरी, ह्यांनी बचाव किती होतो."

"कशापासून?"

"तुझ्या आईपासून."

"काहीच नाही होत," मी प्रामाणिकपणे सांगितलं. ती हसली आणि बाह्या सरसावून परातीकडे वळली, तोच खिडकी उघडून आईचा आवाज आला, "कुबात! लाज आहे का? ती पाहुणी आहे! तू घास!"

बेगिमाय आत चहाला गेली. मी घासत बसलो. तेवढ्या चरबीची परात थंड पाण्याने निघत नाही, हे कुणाला ठाऊक असेल तर त्याला माझी दया येईल. पण सातशे पानांत भांडी कोण घासतं, हा तिचा जुना प्रश्न मात्र माझ्यापुरता सुटला. नायकच घासतो. लेखक ते प्रकरण गाळतात, इतकंच.