मेलेल्याने बोलायचं नाही

मुंगी मनगटापाशी थांबली. तिने मिशा लाल ओघळाला टेकवल्या, मागे घेतल्या, पुन्हा टेकवल्या आणि आल्या वाटेने परत गेली. ती परत का गेली हे मावशीला नीट कळत होतं. आता ती बाकीच्यांना घेऊन येणार होती. रक्तात साखर जास्त झाली होती. पुढच्या वेळी ग्लिसरीन वापरायचं असं दर वेळी ठरायचं, आणि आयत्या वेळी घरात साखरच सापडायची.

हात झटकणं सोपं होतं. पण मावशीला हलता येत नव्हतं, कारण ती मेली होती.

आठवडाभर मावशी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची. महिन्यातल्या एका रविवारी मात्र ती सेनापतीण असायची. गावाबाहेरच्या मोठ्या बागेत पंचवीस-तीस माणसं जमत, फोमच्या तलवारी आणि जाड कापडाची चिलखतं घेऊन, आणि दिवसभर आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं ठरवून वागत. कुणी सैनिक, कुणी जादूगार, कुणी राक्षस. तरुण मंडळी याला लार्प म्हणत. मावशी नुसतं ‘खेळ’ म्हणे. तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी तो सुरू केला तेव्हा त्याला नाव नव्हतं, आणि तिचे सगळे केस काळे होते. मैत्रिणी एकेक करून संसाराला लागल्या. मावशी राहिली.

प्रत्येक मोहिमेची कथा लिहिणं, माणसं नेमून देणं, भांडणं मिटवणं, सुरुवातीची आणि शेवटची शिट्टी वाजवणं हे सूत्रधाराचं काम. तेही मावशीच करायची. सगळे नियमही तिचेच. इतक्या वर्षांत सेनापतीण अनेकदा जखमी झाली होती, दोनदा कैद झाली होती, पण मेली कधीच नव्हती. कथा लिहिणारी तीच असल्यामुळे याचं कुणाला आश्चर्य वाटत नसे.

तिची भाची लहानपणी या खेळात पाण्याच्या बाटल्या उचलायला म्हणून आली होती. आता ती पुलांची कामं बघणारी इंजिनिअर होती, आणि तीन वर्षं एकच गोष्ट मागत होती.

“मावशी, सूत्रधाराचं काम मला दे ना.”

“बघू,” मावशी म्हणायची. हे ‘बघू’ म्हणजे नाही नव्हतं, हो तर नव्हतंच. मावशीला फक्त एक भीती होती. काम दिलं आणि खेळ मोडला, तर वाईट. काम दिलं आणि खेळ मोडला नाही, तर काय, हे तिने अजून स्वतःला विचारलं नव्हतं.

आज सकाळी चिलखताच्या पाठीमागच्या नाड्या बांधताना भाची म्हणाली होती, “आजचा दिवस माझा. कथा मी लिहिलीय, शिट्टी माझ्याकडे. तू नुसतं खेळायचंस. मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही, भुवई उडवायची नाही.”

“भुवई माझ्या हातात नाही.”

“मावशी, मी गंमत करत नाहीये. नदीपलीकडे असाच खेळ खेळणाऱ्या गटाने मला सूत्रधार म्हणून विचारलंय. आज एकदा जरी तू मध्ये पडलीस ना, तर मी समजेन तुला द्यायचंच नाहीये. मग मी त्यांच्याकडे जाईन. रागावून नाही, पण जाईन.”

मावशीने मान डोलावली होती आणि नाड्या जरा सैल करायला सांगितल्या होत्या.

पहिल्याच चकमकीत तिला एका राक्षसाने मारलं. हा राक्षस एरवी एका कंपनीत हिशेबनीस होता. नवीन होता, आणि प्रत्येक वार केल्यावर माफी मागायचा. “सॉरी, मान,” असं म्हणत त्याने स्पंजची कुऱ्हाड तिच्या मानेला हलकेच लावली. मावशीने कॉलरखालची रक्ताची पिशवी दाबली, ओघळ हातावरून मनगटापर्यंत आला, आणि ती वाटेच्या कडेला गवतात पडली. नियम स्पष्ट होते. मेलेल्याने शेवटच्या शिट्टीपर्यंत पडल्या जागी राहायचं. जाता-येता कुणी पुन्हा मारू लागला तर डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे ‘मी आता खेळात नाही’ असं समोरच्याला कळतं. आणि बोलायचं नाही. खरोखर दुखापत झाली असेल तरच मेलेल्याने बोलावं.

ही शेवटची ओळ लिहिताना मावशीला फार समाधान वाटलं होतं.

पडल्या पडल्या तिला झाडांपलीकडून हसण्याचा मोठा लोंढा ऐकू आला. मग कुणीतरी गरजलं. तो आवाज हिशेबनिसाचा होता. ऑफिसात हा माणूस लिफ्टमध्येसुद्धा कुणाशी बोलत नाही, असं त्यानेच एकदा सांगितलं होतं. खेळ कशासाठी, असं लोक विचारत, आणि मावशीला कधी नीट सांगता येत नसे. आता तिला वाटलं, यासाठी. माणसाला जोरात ओरडायला एक जागा लागते, आणि ओरडून झाल्यावर सॉरी म्हणायला मित्र लागतात.

पुन्हा हसणं. तिच्या कथांमध्ये लढाईच्या मध्ये कुणी हसत नसे. तिथे काय चाललंय हे बघायची तिला इतकी इच्छा झाली की तिचा पाय हलला. तिने तो परत मेलेला केला.

तेवढ्यात वाटेवरून एक कुत्रा आला आणि तिची मान चाटू लागला. त्याला ती फार आवडली.

“अरे, काय करतोस? ये इकडे,” असं म्हणत त्याच्यामागून एक बाई आल्या आणि जागीच थबकल्या. या बाई हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी पट्टा एका झाडाला अडकवला, गुडघे टेकले आणि मावशीची नाडी धरली. “अहो ताई, ऐकू येतंय का?”

मावशीने डोळे उघडले. डोळे उघडायला नियमात बंदी नव्हती.

“बोलता येतंय?”

मावशीने खरं तेच सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि लगेच डोक्यावर हात ठेवला.

“डोकं दुखतंय?”

मावशीने पुन्हा मान हलवली.

“मान हलवू नका,” नर्सबाई म्हणाल्या आणि तिचा हात डोक्यावरून काढून हळूच खाली ठेवला. मावशीने तो परत डोक्यावर ठेवला. नर्सबाईंनी परत काढला. असं काही वेळ चाललं. तेवढ्यात मावशीने स्वतःची कसून तपासणी केली. कुठे खरचटलं असतं, निदान पाय मुरगळला असता, तरी बोलता आलं असतं. पण तिला काहीही झालेलं नव्हतं. गेल्या महिन्यात जो गुडघा जिना उतरू देत नव्हता, तोसुद्धा आज बरा होता.

नर्सबाई फोनवर बोलू लागल्या. “पंचावन्नच्या आसपासच्या बाई आहेत. शुद्धीवर आहेत, पण वाचा गेलीय. स्वतःच खुणेने सांगतायत. एकच हात सारखा डोक्याकडे जातोय. पक्षाघाताच्या झटक्याची शंका आहे. मानेला जखम. अंगात चिलखत आहे. हो, चिलखतच म्हणाले मी.”

वाटेवरून तीन सैनिक आले. त्यांनी मावशीकडे पाहिलं, छातीवर मूठ ठेवून मानवंदना दिली आणि वळसा घालून पुढे निघाले.

“अहो, थांबा ना जरा,” नर्सबाई म्हणाल्या. “ही बाई पडलीय इथे.”

“हो, त्या गेल्या मगाशीच,” त्यांतला एक जण अदबीने म्हणाला, आणि ते गेले.

त्यांच्या मागून धापा टाकत राक्षस आला. त्याचं तोंड हिरवं होतं आणि कुऱ्हाड काखेत होती.

“तुम्ही तरी मदत करा. काय झालं यांना, काही बघितलंत का?”

हिशेबनीस खोटं बोलणारा माणूस नव्हता. “मीच मारलं त्यांना,” तो म्हणाला.

“का?”

त्याने थोडा विचार केला. “पुढे त्याच होत्या.”

नर्सबाई उठल्या, कुत्र्याचा पट्टा सोडवून घट्ट हातात धरला आणि हिरव्या माणसावरची नजर न काढता बागेच्या रखवालदाराला हाका मारू लागल्या. बागेचा जुना रखवालदार खेळाला सरावलेला होता. पण तो गेल्याच आठवड्यात बदलून गेला होता, आणि नव्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. नवा रखवालदार धावत आला, त्याने जमिनीवरची बाई पाहिली, कुऱ्हाडवाला पाहिला आणि जोरात शिट्टी फुंकली.

शिट्टी ऐकताच आसपासच्या झुडपांतून पाच प्रेतं उठली. त्यांनी अंगावरचं गवत झटकलं, आळोखेपिळोखे दिले, आणि एकाने “संपलं वाटतं लवकर, चहा आहे का कुणाकडे?” असंही विचारलं.

नर्सबाई वाटेकडेच्या बाकावर बसल्या.

फक्त मावशी उठली नाही. आपली शिट्टी एक लांब आणि दोन आखूड, ही नुसती लांब होती. बाकीच्यांनी नियमांकडे इतकं दुर्लक्ष करावं याचं तिला पडल्या पडल्या वाईट वाटलं. ती असं वाईट वाटून घेत असतानाच अ‍ॅम्ब्युलन्स आली, तिच्या गळ्याभोवती ताठ पट्टा बसला आणि तिला स्ट्रेचरवर घेतलं गेलं.

मग भाची आली. धावत नाही, भराभर चालत. तिने दोन्ही हात वर केले आणि “थांबा” म्हणाली. खेळातले सगळे नियमाप्रमाणे जिथे होते तिथे खाली बसले. रखवालदारही निम्मा बसला आणि मग सावरून उभा राहिला.

मावशी तिच्याकडे बघत होती. आता ही रखवालदाराला परवानगीचा कागद दाखवेल, मग नियम समजावून सांगेल. मावशीने तेच केलं असतं. भाची आधी बाकापाशी गेली.

“तुम्ही अगदी बरोबर केलंत,” ती नर्सबाईंना म्हणाली. “चूक आमची आहे. हा खेळ आहे, आणि तुम्हाला ते कळायला काही मार्गच नव्हता.” मग हिशेबनिसाकडे वळली. “यांना पाणी दे. आधी तोंड पूस.” मग अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाला म्हणाली, “ते रक्त नाही, साखरेचा पाक आहे. पण तिला बीपीची गोळी चालू आहे. आलाच आहात तर बघून घ्याल?”

तो माणूस मावशीच्या दंडाला पट्टा गुंडाळू लागला. भाची स्ट्रेचरपाशी वाकली.

“मावशी, तू बोलली का नाहीस?”

मावशीने डोक्यावर हात ठेवला.

“सुटलीस तू नियमातून. बोल.”

“शिट्टी झाली नव्हती,” मावशी म्हणाली. इतका वेळ न वापरल्यामुळे तिचा आवाज जाडसर झाला होता.

“झाली की.”

“ती आपली नव्हती. आणि खरं लागलं असेल तरच मेलेल्याने बोलायचं. मला काही लागलं नव्हतं.”

“हा नियम कुणी केला?”

“मी.”

“चुकलाय,” भाची म्हणाली.

खाली बसलेल्या माणसांपैकी काहींनी जमिनीकडे बघायला सुरुवात केली. हा शब्द मावशीच्या नियमांबद्दल आजवर कुणी वापरला नव्हता.

“कुठे चुकलाय?”

“मेलेला माणूस रस्त्याकडेला पडला तर त्याच्यापाशी एक जिवंत माणूस बसायला हवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला.”

मावशीने ते मनात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, दुकानात ती भिंग उजेडाला धरते तसं. चरा दिसेना.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

भाचीने स्ट्रेचरची कड धरली. “अगं, पण अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत गप्प राहायचं? मी काय म्हणाले असते तुला?”

“मध्ये बोलले असते तर तू नदीपलीकडे गेली असतीस.”

“म्हणून तू...” भाची म्हणाली. मग तिने मावशीच्या मनगटावरच्या मुंग्या एका बोटाने झटकल्या. बऱ्याच होत्या.

“हसत का होते सगळे?” मावशीने विचारलं. “मधल्या लढाईत. दोनदा.”

“जादूगाराला वाचा गेल्याचा शाप होता. तो मंत्र खुणांनी सांगत होता, आणि कुणालाच कळत नव्हतं.”

“लढाईत असं चालतं?”

“चाललं.”

पलीकडून आलेलं ते हसणं तिला पुन्हा ऐकू आल्यासारखं वाटलं. तिच्याशिवाय झालं होतं ते, आणि चांगलं झालं होतं. ज्याची तिला भीती वाटायला हवी होती, ते ऐकून तेव्हा तिला फक्त उठून बघावंसं वाटलं होतं.

“ते सगळं राहू द्या,” रखवालदार म्हणाला. “मला वर कळवावं लागेल. इथे मुख्य कोण?”

सैनिक, जादूगार, राक्षस आणि उठलेली पाच प्रेतं, सगळ्यांनी सवयीने स्ट्रेचरकडे पाहिलं. भाचीनेही पाहिलं. मावशीने तोंड उघडलं.

“बोलू नका,” दंडाला पट्टा लावणारा माणूस म्हणाला. “रीडिंग चुकेल.”

पट्टा फुगला. मावशी आकाशाकडे बघत थांबली. पट्ट्यातली हवा सावकाश निघून गेली.

“उत्तम आहे,” तो माणूस जरा नवलाने म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगलं. आता बोला.”

गळ्यातल्या पट्ट्यामुळे मावशीला मान वळवता येत नव्हती. तिने कमरेपासून सगळी वळून रखवालदाराकडे तोंड केलं.

“मी इथे फक्त मेलेली आहे,” ती म्हणाली. “खेळ माझी भाची चालवते. आजपासून कायमचा.”