मराठी नावाचा इंटरफेस

कोणतीही वस्तू काय आहे हे कळण्याआधी ती कोणत्या वर्गात बसते हे ठरवावं लागतं. वर्ग एकदा ठरला की वस्तूकडे पाहायची गरज उरत नाही. या तत्त्वावर संगणकाचे पुष्कळ प्रोग्राम चालतात आणि गाझियाबादचं आमचं मराठी मंडळही.

मंडळाच्या सभासदांची यादी संगणकावर चढवायचं काम विश्वनाथने अंगावर घेतलं, कारण तो नोएडात प्रोग्रामर होता आणि त्याच्या मुलीला, नीरजाला, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचं निवेदन करायचं होतं. (समाजसेवेची कारणं सहसा याहून मोठी नसतात.) नियम एकच: निवेदक 'मराठी' या वर्गातलाच हवा.

विश्वनाथने पायथन या संगणकाच्या भाषेत 'मराठी' नावाचा इंटरफेस लिहिला. इंटरफेस म्हणजे दारावरची अटींची पाटी. आत यायचं तर अमुक करता आलं पाहिजे. त्याने तीन अटी घातल्या: बोल, वाच, लिही. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर निम्मं मंडळ लाल, म्हणजे नापास झालं. नीरजासुद्धा.

"अरे, माझे दोन्ही नातू नापास?" कार्यवाह वासंतीताई म्हणाल्या. "दिल्लीत वाढलेली पोरं ती. थोडं अ‍ॅडजस्ट कर ना, यार."

त्याने 'लिही' काढलं. लाली जरा उतरली. 'वाच' काढलं. नीरजा लालच.

"बाबा, मी याच्यासाठी डान्स क्लास सोडला," ती म्हणाली. "प्रॉमिस तुम्ही केलं होतं."

मग त्याने 'बोल'ही काढलं. पायथनला नुसती रिकामी जागा चालत नाही. आत काहीच नसेल तर 'पास' असा शब्द लिहावा लागतो. त्याने तो लिहिला. सगळे पास झाले.

तांत्रिकदृष्ट्या यात गैर काही नाही. रिकामा इंटरफेस म्हणजे शिक्का. वस्तूला काही यावं लागत नाही, शिक्का असला की पुरे. तो आडनाव पाहून मारावा, असा ठराव एकमताने झाला. मंडळातलं मराठीचं प्रमाण एका दुपारीत शंभर टक्क्यांवर गेलं.

शंभर टक्क्यांबाहेर राहिली ती ममता शर्मा. वडील फौजी, बालपण देवळालीच्या छावणीत; इतकी वर्षं निवेदन तीच करायची. तीन अटी होत्या तेव्हा ती हिरवी होती. अटी गेल्या, आडनाव आलं आणि ती लाल झाली.

"ताई, मग माझ्यावरही मारा की शिक्का," ती म्हणाली.

"तुला कशाला गं? तू तर बोलतेसच," वासंतीताईंनी समजूत घातली आणि तिला माईकच्या वायरी सांभाळायला दिल्या.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. नीरजा नऊवारीत मंचावर आली.

"नमस्कार. मी रोज घरी मराठी बोलायची खूप चेष्टा करते."

('कोशिश' फार हिंदी वाटतं, म्हणून तिने मुद्दाम शुद्ध शब्द शोधला होता.)

विश्वनाथने चमकून आजूबाजूला पाहिलं. पण टाळ्या कडाडल्या, तेव्हा त्यानेही वाजवल्या. ममता तेवढी मान खाली घालून वायर गुंडाळत राहिली.

ज्या वाचकांना नीरजाच्या वाक्यात काही खटकलं नाही, त्यांनी काळजी करू नये. त्यांचं आडनाव पुरेसं आहे. ज्यांना खटकलं, त्यांनी त्यातली गंमत आज घरी आपल्या मुलांना समजावून सांगावी. कोणत्या भाषेत, ते मंडळ आपल्यावर सोपवत आहे.