चाळीस मिनिटांचा रविवार

"आजोबा, हा कॉम्प्युटर आहे का कासव?" नातीने हेल्मेट सोफ्यावर आपटलं. "एक डिस्क कॉपी व्हायला चार तास! बास झालं. पुढच्या रविवारपासून मी मित्राच्या स्टुडिओत जाते. तिथे चहा संपायच्या आत होतं सगळं."

आजोबांचा चहा तोंडापर्यंत आला होता, तिथेच थांबला.

नात व्हिडिओ शूट करायची. दुकानांच्या जाहिराती, शाळांची नाटकं, मिळेल ते. आठवड्याचं सगळं शूटिंग ती दर रविवारी आजोबांच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवायची. आजोबा निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्याकडे दिलेली वस्तू हरवली असं कधी झालंच नाही. प्रत्येक व्हिडिओची ते वहीत नोंद करायचे. 'क्र. २१४. चपलांचं दुकान. मालक शेवटपर्यंत हसला नाही.'

आणि कॉपी होईपर्यंत चार तास पोरगी जाणार कुठे? ती जेवायची, आजीशी भांडायची, आजोबांशी पत्ते खेळताना लबाडी करायची आणि पकडली गेली की सोफ्यावर झोपल्याचं सोंग घ्यायची. म्हाताऱ्या-म्हातारीच्या आठवड्यात हेच काय ते चार तास होते. आता ते त्या स्टुडिओवाल्याच्या घशात जाणार.

"नवा कॉम्प्युटर घ्या," ती गेल्यावर आजी म्हणाली.

"हा चांगला चालतोय. फक्त त्याची भोकं जुनी झालीत. माल लवकर आत जात नाही."

"तुमच्या कानांसारखं."

सोमवारी कॉम्प्युटरचं दुकान उघडायच्या आधीच आजोबा वही घेऊन दारात उभे. दुकानदार म्हणाला, "काका, नव्या कॉम्प्युटरची गरजच नाही. आत एक कार्ड बसवायचं, मागे फास्ट पोर्ट मिळतात. कोणतं देऊ? दोन पोर्टचं, चारचं, का सातचं?"

"फरक काय?"

दुकानदाराने सांगितलं. आजोबांनी लिहून घेतलं आणि एकदा वाचून दाखवलं. मागे चार गिऱ्हाइकं जमली.

"तुमच्याकडे कार्ड बसवायचा स्लॉट केवढा आहे काका? लांब का आखूड?"

"काळा आहे."

"रंग नाही विचारला."

"रंग मी पाहिलाय. लांबी पाहिली नाही. जे पाहिलं नाही ते मी सांगत नसतो."

मागचं एक गिऱ्हाईक निघून गेलं. शेवटी आजोबांनी सात पोर्टचं कार्ड घेतलं. "एवढे कशाला?" दुकानदाराने विचारलं. "तिच्या मित्राकडे किती आहेत कोण जाणे," आजोबा म्हणाले. "आपण कमी पडायला नको."

घरी येऊन त्यांनी झाकण उघडलं. कार्ड चांगलं लांबलचक. रिकामी जागा बोटाएवढी. शेजारी एक लांब जागा होती, पण तिथे आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेलं. आजोबांनी त्याला उठवलं आणि आपलं कार्ड बसवलं. कॉम्प्युटर घरघरला, स्क्रीन मात्र काळीच राहिली.

"काका," फोनवर दुकानदार म्हणाला, "तुम्ही स्क्रीनचंच कार्ड काढलंत."

"ते जुनं होतं."

"तुमच्याकडे सगळं जुनंच आहे काका. सगळं काढणार का?"

मंगळवारी स्क्रीनचं कार्ड परत जागेवर बसवलं आणि सातचं देऊन दोनचं आणलं. हे मात्र आखूड जागेत झकास बसलं. आजोबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि झाकण लावायला गेले, तर झाकण लागेना. कॉम्प्युटरचा डबा होता चपटा, आणि कार्डाला जोडलेली पत्र्याची पट्टी उंच. आजोबांनी दाबून पाहिलं. मग आजी झाकणावर बसली.

"बसलं?" आजीने विचारलं.

"तू बसलीस. झाकण नाही बसलं."

पुन्हा फोन. "अहो काका, बॉक्समध्ये बुटकी पट्टी दिलीय ना! उंच काढा, बुटकी लावा."

बॉक्समध्ये आजीची बटणं होती.

"यातली पट्टी कुठे गेली?"

"ती होय? स्वयंपाकघरातली खिडकी खडखडत होती, तिच्या फटीत ठोकली. काय घट्ट बसलीय!"

खरंच घट्ट बसली होती. ती काढायला बुधवारची अख्खी सकाळ गेली. पट्टीबरोबर खिडकीचा टवकाही निघाला आणि खिडकी पहिल्यापेक्षा जोरात वाजायला लागली. पण झाकण लागलं. आजोबांनी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह खुपसला. काहीच नाही. दिवासुद्धा लागला नाही.

तिसऱ्या फोनला दुकानदाराने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "वीज दिलीत का त्याला? कार्डावर वायर लावायची जागा आहे बघा. आतली एखादी मोकळी वायर लावा."

मोकळी वायर नव्हती. एक होती ती डीव्हीडीच्या खणाला गेलेली. आजोबांनी ती उपटून कार्डाला लावली आणि दिवा लागला. निळा, सुंदर. आजोबांचे डोळेच भरून आले.

तेवढ्यात आजी चटई घेऊन आली. "माझी व्यायामाची डिस्क लावा."

डिस्क खणात होती. खणाला आता वीज नव्हती. खण काही उघडेना.

"पंधरा वर्षं तोच व्यायाम करतेस, पाठ झाला असेल की."

"ती बाई मोजते तेव्हाच माझे हात वर जातात," आजी म्हणाली, आणि रविवारपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

आजोबांनी 'एकदा येऊन बघ' असा फोन केला, म्हणून रविवारी दहाला नात आली. आजोबांनी मागची वायर तिच्या हातात दिली. तिने डिस्क लावली, स्क्रीनकडे पाहिलं आणि किंचाळलीच.

"चाळीस मिनिटं! आजोबा, तुम्ही केलंत हे? एकट्याने?"

"मी पण झाकणावर बसले होते," आजी म्हणाली. चार दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य.

चाळीस मिनिटं आजोबा हवेत होते. त्यांनी सातचं कार्ड, दोनचं कार्ड, उंच पट्टी, बुटकी पट्टी, सगळं रंगवून सांगितलं. नात हसून हसून लोळली. मग कॉपी संपली. तिने डिस्क काढली, आजोबांच्या गालाचा मुका घेतला आणि हेल्मेट चढवलं.

"अगं, जेवायला..."

"आता थांबायची गरजच नाही ना! मस्त काम केलंत आजोबा!"

जिन्यावर बुटांचा आवाज, मग गाडीचा, मग कसलाच नाही. टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. आजीने एक उचलून आत नेलं.

"वा," ती आतून म्हणाली. "पोरीला धरून ठेवायला गेलात आणि फास्ट पाठवून दिलीत."

आजोबा आठवडाभर त्या निळ्या दिव्याकडे सावत्र पोराकडे बघावं तसे बघत होते. शनिवारी सकाळी त्यांनी पेचकस घेतला. आजी न बोलवता टॉर्च धरून उभी राहिली. कार्ड बाहेर आलं, वायर खणाला परत गेली.

"तिला काय सांगणार?" आजीने विचारलं.

"बिघडलं."

"जमेल? तुम्हाला धड खोटं बोलता येत नाही."

रविवारी नात आली ती पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन. तिने ती टेबलावर उपडी केली. एक नाही, दोन नाही, आठ डिस्क घरंगळल्या.

"हे काय गं?"

"माझं जुनं सगळं. कॉलेजपासूनचं." ती डिस्क एकावर एक रचत राहिली, वर बघेना. "तुमच्या फास्ट पोर्टवरसुद्धा साडेपाच तास लागतील. मी हिशोब केलाय."

"एवढी घाई कशाला?"

"घाई कुठे?" ती एकदम तडकली. "गेल्या रविवारी घरी गेले आणि दुपारभर भिंतीकडे बघत बसले! नुसतं येऊन बसले असते तर आजी म्हणाली असती, काही काम नाही का तुला. म्हणून काम आणलं!"

आजीने तोंडाला पदर लावला. आजोबा छताकडे बघत म्हणाले, "ते कार्ड जरा बिघडलंय."

"बघू." तिने झाकण उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं. "आजोबा, बिघडलेलं कार्ड निदान दिसतं तरी. कुठंय?"

"उशीखाली," आजी म्हणाली. "रात्रभर खुपलं त्यांना."

नात आजोबांकडे बघतच राहिली. आजोबा चष्मा पुसायला लागले. तो स्वच्छच होता. मग तिने झाकण तसंच परत लावलं, पहिली डिस्क जुन्याच पोर्टला खोचली, कागदावर आकडेमोड केली आणि फोन उचलला.

"हॅलो, ऐक ना, उद्याचं शूट मंगळवारी ढकल. आठ डिस्क आहेत, एक दिवस आणि आठ तास लागतायत... अरे हो, चांगलं कार्ड आहे की. पण ते झोपलंय."

आजी तोवर कपाटातून जादाची चादर काढत होती.